किती देते, कितीला पडते

नागपूरच्या जरीपटक्यात नवी गाडी आली की आधी नारळ फुटतो, मग चाकाखाली लिंबू जातं आणि लिंबाचा रस सुकायच्या आत कुणीतरी विचारतंच, "भाऊ, ॲव्हरेज किती देऊन राहिली?" गाडी शोरूममधून फाटकापर्यंतच आलेली असते. तेवढ्यात तिनं काय द्यावं? पण उत्तर द्यावं लागतं. गप्प राहिलात तर लोक समजतात, फसला बिचारा.

आमच्या गल्लीत एक हायब्रिड सेडान आली तेव्हा या प्रश्नाला उत्तर मिळालं, "सव्वीस." सगळे गप्प झाले. सव्वीस हा आकडा छोट्या गाड्यांचा. लांबलचक, मागं डिक्की असलेली, आत पाय पसरून बसता येईल अशी गाडी सव्वीस देते म्हणजे काहीतरी गडबड आहे, असाच सर्वांचा चेहरा झाला. मग दुसरा प्रश्न आला, "चार्ज करायले किती वेळ लागते?" अजिबात लागत नाही, हिला प्लगच नाही, हे सांगितल्यावर तर संशय पक्का झाला. बॅटरी आहे पण चार्जिंग नाही, मोटर आहे पण पेट्रोलही लागतं, आणि नंबरप्लेट विजेच्या गाडीसारखी हिरवी नाही, साधी पांढरी. ही नक्की कोणाच्या बाजूनं आहे?

होंडा सिटीचा हा हायब्रिड अवतार आपल्याकडे मे २०२२ मध्ये आला. किंमत शोरूमची १९ लाख ४९ हजार. कंपनीचा आकडा लिटरला २६.५ किलोमीटर, पुढच्या वर्षी तो २७.१३ झाला. त्याच सिटीच्या साध्या ऑटोमॅटिक पेट्रोल गाडीचा आकडा १८.४. अशा सेडानचा आपल्याकडचा इतिहास तसा जुना. २००८ साली सिव्हिक हायब्रिड आली होती, बाहेरून आणलेली, वीस लाखांच्या वरची. तेव्हा पेट्रोल पन्नास रुपयांच्या आसपास होतं, त्यामुळे ती गाडी लोकांनी प्रदर्शनात पाहिली आणि घरी जाऊन स्कूटर काढली. २०१३ मध्ये कॅम्री आली. ती साहेबांची गाडी. साहेब मागं बसतात आणि ॲव्हरेज ड्रायव्हर बघतो.

आता हा सव्वीसचा आकडा येतो कुठून, तर पुण्याहून. तिथं वेताळ टेकडीवर एआरएआय नावाची, १९६६ साली स्थापन झालेली संस्था आहे आणि गाड्यांचे आकडे तिच्या नावानं छापले जातात. गाडी रस्त्यावर नेत नाहीत. मोठ्या रोलरवर उभी करतात, चाकं जागच्या जागी फिरतात आणि ठरलेल्या तक्त्याप्रमाणे वेग वाढवायचा, कमी करायचा, थांबायचं. सगळं मिळून वीसेक मिनिटांचं काम. वेग कुठेही नव्वदच्या वर जात नाही. एसी बंद. समोर गाय नाही, उलट्या दिशेनं येणारी ई-रिक्षा नाही, वरात तर नाहीच. मला पुणेकरांविषयी आदर आहे, पण एसी बंद ठेवून काढलेला आकडा नागपूरच्या मे महिन्यात आणून दाखवणं हे धाडसच आहे. पारा पंचेचाळीसच्या पुढं गेला की इथं माणूस सव्वीस सोडा, गाडीकडे जायला सव्वीस पावलंही टाकत नाही.

तरी त्या आकड्याला खोटं म्हणता येत नाही. सर्व गाड्यांना तीच परीक्षा, तोच पेपर. वर्गात कोण पुढं, कोण मागं एवढं त्यातून कळतं. घरी आल्यावर कोण किती उजेड पाडणार, हे नाही.

या हायब्रिडच्या पोटात काय चालतं ते मला एका मेकॅनिकनं समजावलं, तेव्हा मला आजीचा गव्हाचा डबा आठवला. आजोबांच्या पगारातले चार पैसे आजी गव्हात पुरून ठेवायची. रक्कम फार कधीच नसायची, पण दुधवाल्याला, भाजीवाल्याला तेवढ्यातून सुटायचं आणि मोठा खर्च निघाला की आजोबांकडे बोट. या गाडीतली बॅटरी तेवढ्याच ऐपतीची. निव्वळ विजेवर चालणाऱ्या गाडीच्या बॅटरीपुढं ती अगदी किरकोळ. गाडी जागेवरून हलते, गर्दीत रेंगाळते ती या शिलकीवर. शिल्लक संपत आली की इंजिन जागं होतं, पण ते चाकांना हात लावत नाही. जनरेटर फिरवतं, वीज करतं आणि मोटर गाडी ओढते. मोकळ्या रस्त्यावर एका वेगात गाडी लागली की मग इंजिन एका क्लचनं थेट चाकांना जोडलं जातं. आणि तुम्ही ॲक्सिलरेटर सोडला, ब्रेक दाबला, की मोटर उलटी जनरेटर होऊन बसते आणि एरवी ब्रेकच्या उष्णतेत वाया गेलं असतं ते पुन्हा डब्यात.

म्हणजे ही गाडी थांबण्यावर जगते. आणि थांबण्याच्या बाबतीत जरीपटक्यानं कधी कुणाला कमी पडू दिलेलं नाही.

संध्याकाळी इंदोरा चौकातून आत वळा. पुढं रिक्षा, तिच्या पुढं हातगाडी, तिच्याही पुढं दोन दुचाकीवाले एकमेकांची ख्यालीखुशाली विचारत उभे. कपड्यांच्या दुकानासमोर एक टेम्पो आडवा. साधी पेट्रोल गाडी इथं उभ्या उभ्या पेट्रोल पिते. लिटरला अकरा-बारा दिले तरी मालक खूश असतो. हायब्रिड इथं मुकाट्यानं इंजिन बंद करते आणि मुंगीच्या पावलानं सरकते. जिथं बाकीच्यांचा आकडा घसरतो तिथं हिचा टिकतो. वीसच्या आसपास, थंडीत थोडा वर. कामठी रोडवर ऑक्टोबर २०२४ मध्ये एलआयसी चौक ते ऑटोमोटिव्ह चौक असा डबलडेकर पूल सुरू झाला, खाली रस्ता, मध्ये पूल, वर मेट्रो. गड्डीगोदामला तर रेल्वेचे रूळही त्यात येतात, म्हणजे चार मजले. सगळं शहर त्या पुलावरून सुसाट जायला लागलं. हायब्रिडवाल्यांनी मात्र पुलाखालून जावं. तिथं सिग्नल आहेत, अडथळे आहेत, वाचवायला जागा आहे.

गल्लीत एक सिंधी शेटजी आहेत. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या माणसांनी ही वस्ती उभी केली, त्यांतल्याच एका घरातले. कापडाचा धंदा, सकाळी दाल-पकवान, हिशेबाची वही अजून लाल. सव्वीसचा आकडा ऐकून आम्ही सगळे दिपलो होतो तेव्हा ते शांतपणे म्हणाले, "देती होगी साईं, देती होगी. पर पड़ती कितने में है?"

आणि मग त्यांनी पाठकोऱ्या बिलावर जे मांडलं ते एखाद्या सीएनं पैसे घेऊनही मांडलं नसतं.

पेट्रोल नागपुरात लिटरला १०४ धरू. वर्षाला गाडी चालते दहा हजार किलोमीटर. कंपनीचे आकडे घेतले, म्हणजे १८.४ आणि २६.५, तर साध्या गाडीला सुमारे ५४३ लिटर लागतात, हायब्रिडला ३७७. वर्षाची बचत १७ हजारांच्या थोडी वर. आता बाजारातले आकडे घ्या, म्हणजे १२ आणि २०. साध्या गाडीला ८३३ लिटर, हायब्रिडला ५००. बचत ३४ हजार सहाशेच्या पुढं.

इथं मी त्यांना थांबवलं. दोन्हीकडं फरक आठ किलोमीटरचाच ना? मग बचत दुप्पट कशी? शेटजींनी माझ्याकडं जरा दयेनं पाहिलं. "पेट्रोल किलोमीटर में बिकता है क्या? लिटर में बिकता है." बरोबर होतं. शंभर किलोमीटरला १८.४ वाली गाडी साडेपाच लिटरच्या आत खाते, २६.५ वाली पावणेचार. १२ वाली मात्र सव्वाआठच्या वर खाते आणि २० वाली पाच. खादाडाला थोडा आवर घातला तरी किराणा बराच वाचतो. उपाशी राहणाऱ्याला आणखी उपाशी ठेवून फारसं काही हाती लागत नाही. युरोपातले लोक म्हणूनच शंभर किलोमीटरला किती लिटर असं मोजतात. त्यात दिपवणारा आकडा निघत नाही, त्यामुळे आपल्याकडं ती पद्धत रुजेल असं वाटत नाही. नव्या गाडीपुढं नारळ फोडून "पाच लिटर खाते" असं कोण सांगेल?

आता किंमत. साध्या आणि हायब्रिड सिटीत, दोन्ही वरची मॉडेलं धरून, फरक तेव्हा साडेचार लाखांच्या आसपास होता. आम्ही तिथंच थांबलो असतो. शेटजी थांबले नाहीत. महाराष्ट्रात दहा ते वीस लाखांच्या पेट्रोल गाडीला रोड टॅक्स बारा टक्के. साडेचार लाखांवर बारा टक्के म्हणजे ५४ हजार. झाले पाच लाख चार हजार. कंपनीच्या आकड्यांनी हे पैसे सुटायला एकोणतीस वर्षं. गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची. शेटजी म्हणाले, "मेरा पोता फायदे में रहेगा, अगर गाडी रही तो."

बाजारातल्या आकड्यांनी साडेचौदा वर्षं. जरा बरं वाटलं. पण शेटजींचा पेन अजून चालू होता. हेच पाच लाख चार हजार बँकेत सात टक्क्यांनी ठेवले तर वर्षाचं व्याज ३५ हजार २८०. पेट्रोलची बचत ३४ हजार सहाशे-सातशे. म्हणजे गाडी वर्षाला सहाशे रुपयांनी तोट्यात.

सहाशे रुपये! एवढ्या मोठ्या यंत्राचा, जपानी अभियंत्यांच्या इतक्या वर्षांच्या खटाटोपाचा निकाल किलोभर मटणाच्याही आत लागला.

मी म्हटलं, पेट्रोल वाढेल की. शेटजी म्हणाले, वाढेल, आणि व्याजावर कर पण लागतो, ते तुमच्या बाजूनं धरा. प्रामाणिक माणूस. पण मग त्यांनी इन्शुरन्सही काढला. महाग गाडीचा हप्ता महाग. आणि आठ-दहा वर्षांनी विकायला काढाल तेव्हा घेणारा आधी बॅटरीचं विचारेल. होंडा त्या बॅटरीला आठ वर्षांची किंवा एक लाख साठ हजार किलोमीटरची वॉरंटी देते, त्यामुळे आठव्या वर्षापर्यंत मालकाची झोप शाबूत. नवव्या वर्षी तो गाडीच्या मागच्या बाजूला कान लावून बसायला लागेल, हा माझा अंदाज.

बरं, ती बॅटरी बसते कुठं? डिक्कीत. साध्या सिटीची डिक्की ५०६ लिटरची, हायब्रिडची ३०६. दोनशे लिटर बॅटरीच्या हिश्शाला. लग्नाच्या सीझनला पापडाची खोकी, लोणच्याच्या बरण्या आणि वरमाईची बॅग एका फेरीत नेणाऱ्या जरीपटक्याला ही गोष्ट पटवणं अवघड आहे. पण एक सांगतो, सीएनजीवाल्यांनी यावर हसू नये. त्यांची डिक्की सिलिंडरनं केव्हाच गिळली आहे, आणि नागपूरला गॅस गुजरातेतून टँकरनं आणावा लागायचा त्या दिवसांत, २०२२ च्या मार्चमध्ये, सीएनजीचा भाव किलोला १२० रुपयांवर गेला होता. पेट्रोलपेक्षा महाग सीएनजी भरणारं शहर म्हणून आपण तेव्हा देशात गाजलो.

हायब्रिडवाल्यांना खरा धक्का बसतो तो समृद्धी महामार्गावर. नवी गाडी घेतलेला नागपूरकर पहिल्या सुट्टीत शिर्डीला जातो, हा आता जवळजवळ विधीच झाला आहे. शिवमडक्याला तो मोठ्या आशेनं महामार्गावर चढतो. मोकळा, सरळ रस्ता, मर्यादा १२० ची. गावात वीस देते तर इथं तीस देईल, असं त्याला वाटतं. आयुष्यभर आपण हेच ऐकलेलं असतं, हायवेला ॲव्हरेज वाढतं. पण इथं ब्रेक लागत नाही, त्यामुळे डब्यात काही पडत नाही. इंजिन थेट चाकांना जुंपलेलं. आणि हवा. वेग ८० वरून १२० वर नेला की हवेचा विरोध दीडपट वाढत नाही, सव्वादोन पट होतो. आकडा वीसच्याही खाली उतरतो. मागून साधी सिटी येऊन सोळा-सतरा देत आरामात पुढं निघून जाते. सातशे एक किलोमीटरच्या आख्ख्या रस्त्याचा हिशेब मांडला, हिला अठरा आणि तिला सोळा धरून, तर हायब्रिड पाचएक लिटर वाचवते, म्हणजे पाचशे रुपये. टोल एप्रिल २०२५ पासून एका बाजूचा १,४४५. फास्टॅगचा मेसेज वाजला की त्या पाचशे रुपयांचं काय करावं तेच कळत नाही.

गाडी मुंबईकडे तोंड करून कंजूष होत नाही, बाजारात शिरली की होते. स्वभावानं ती अस्सल इथलीच.

उन्हाळा मात्र तिला मानवत नाही. एसीचा कॉम्प्रेसर विजेवर चालतो, त्यामुळे सिग्नलला इंजिन बंद असलं तरी गार हवा येत राहते. हे सुख साध्या गाडीत नाही. पण ती हवा त्या किरकोळ बॅटरीतून येते. दोन सिग्नल झाले की इंजिन गुरगुरून उठतं. शिवाय बॅटरीलाही उन्हाचा त्रास होतो. टोयोटाच्या हायब्रिड गाड्यांत मागच्या सीटजवळ एक जाळी असते, तिथून बॅटरी आतली गार हवा ओढून घेते. तिच्यावर पिशवी ठेवू नका, असं पुस्तकात लिहिलेलं असतं. म्हणजे नागपुरात बॅटरीलाही कूलरसमोर जागा लागते, घरातल्या सर्वांसारखी.

पेट्रोलचीही एक गंमत आहे. आता पंपावर मिळतं त्यात वीस टक्के इथेनॉल. लिटरभर इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या दोनतृतीयांशच ऊर्जा असते, म्हणजे टाकीतल्या एकूण दमात सहा-सात टक्के घट. इंजिन त्यासाठी बनवलेलं असेल तर थोडी भरपाई होते, पण कागदावरचे सव्वीस पहिल्या पंपावरच लंगडायला लागतात. याबद्दल नागपुरात जपून बोलावं लागतं, कारण इथेनॉलचे सर्वांत मोठे पुरस्कर्ते इथलेच खासदार. गडकरींनी ऑक्टोबर २०२२ मध्ये दिल्लीत एक कोरोला सेडान लोकांसमोर आणली, ब्राझीलहून आणलेली, हायब्रिड आणि वर इथेनॉलवरही चालणारी. हायब्रिडवरचा जीएसटी पाच टक्के करावा असंही ते २०२४ मध्ये म्हणत होते. तेव्हा सेससकट तो त्रेचाळीस होता. सप्टेंबर २०२५ मध्ये कररचना बदलली आणि चार मीटरच्या वरच्या गाड्यांना, हायब्रिड असो की नसो, सरसकट चाळीस टक्के लागू झाला. विजेच्या गाडीला पाच. शेटजींच्या भाषेत सांगायचं तर पेट्रोल वाचवणाऱ्या गाडीवर सरकारनं तीन रुपयांची सूट दिली. उत्तर प्रदेशानं जुलै २०२४ मध्ये अशा गाड्यांचा नोंदणीचा टॅक्सच माफ केला होता. तशी माफी इथं असती तर शेटजींच्या बिलावरचा नुसता तो ५४ हजारांचा आकडा नव्हे, गाडीवरचा पूर्ण रोड टॅक्स, सव्वादोन लाखांच्या वरचा, खोडला गेला असता.

मग ज्यांनी घेतली ते फसले का? मला तसं वाटत नाही, आणि याचं कारण कुठल्याही बिलावर मांडता येत नाही. हायब्रिड घेतलेला माणूस बदलतो. समोर पडद्यावर बाण फिरत असतात, इंजिनाकडून मोटरकडे, चाकांकडून बॅटरीकडे. एकदा ते बाण कळले की माणूस लांबूनच सिग्नल बघून पाय उचलतो. ओव्हरटेक सोडून देतो. जो गृहस्थ स्कूटरवर असताना कडबी चौकात कुणाला पुढं जाऊ देत नव्हता, तो आता हात करून "जा बाप्पा, जा" म्हणतो, कारण थांबलं की बॅटरी भरते. हॉर्न कमी होतो. ब्रेकही जास्त टिकतात, कारण अर्धं काम मोटर करते. घरच्यांना मात्र हे संतपण सोसत नाही. एसी दोनवर का, म्हणून मुलं कुरकुरतात. "अहो, तो बाण बघताय की रस्ता?" हा प्रश्न तर अशा प्रत्येक गाडीत मागच्या सीटवरून येतोच. लग्नाला उशीर झाला तरी चालेल पण एकोणीसचे वीस व्हायला हवेत, अशी ही अवस्था असते. तिचं व्यसन लागतं. वाचलेल्या रुपयापेक्षा वाचताना दिसलेला रुपया जास्त गोड लागतो.

शेटजींनाही हे माहीत आहे. पाठकोऱ्या बिलावर सहाशेचा तोटा काढून झाल्यावर त्यांनी गाडीभोवती एक चक्कर मारली, दार उघडून पाहिलं, आत बसले, बटण दाबलं. आवाज आला नाही. "चालू हुई?" त्यांनी विचारलं. झाली होती. ते बराच वेळ तसेच बसून राहिले. दुसऱ्या दिवशी त्यांनी माल पोचवणाऱ्या आपल्या मुलाची गाडी महिन्याला किती चालते ते वहीत बघितलं.

तो आकडा वर्षाला वीस हजार किलोमीटर निघाला, जवळजवळ सगळे गावातले. म्हणजे बचत दुप्पट, एकोणसत्तर हजारांच्या वर, आणि पाच लाख चार हजार सुटायला सव्वासात वर्षं. बॅटरीची वॉरंटी आठ वर्षांची आणि त्या चालीनं एक लाख साठ हजार किलोमीटरही बरोबर आठव्या वर्षीच भरतात. व्याज धरलं तर हिशेब अजूनही ताणूनच बसतो, पण निदान गाडी भंगारात जाण्याआधी बसतो.

तेव्हा घ्यायची असेल त्यांना माझं सांगणं एवढंच. रोज गावात पन्नास-पंचावन्न किलोमीटर फिरणं असेल, तेही गर्दीत, तर ही गाडी तुमच्यासाठी आहे. पुण्याचा आकडा विसरा, वीस धरून चाला. महिन्यातून चारदा समृद्धीवर जाणाऱ्यानं साधी घ्यावी आणि उरलेल्या पैशात टोल भरावा. आणि ऑफिस सिताबर्डीला असून गाडी दिवसभर उन्हात उभीच राहणार असेल, तर ११ डिसेंबर २०२२ ला, समृद्धीच्या पहिल्या टप्प्याचं उद्घाटन झालं त्याच दिवशी, ऑटोमोटिव्ह चौकापर्यंतची मेट्रोही सुरू झाली आहे. इंदोऱ्याला स्टेशन आहे, एसी चालू असतो, आणि ॲव्हरेज कुणी विचारत नाही.